उजेड आणि हिशेब



पावसाळ्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. पाण्याच्या अंगी केवढे बळ असते, हे तिथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पाणी, वारा, ऊन ही निसर्गाची देणगी. वापरली म्हणून ती सरत नाही. पण तिची वीज करायची तर यंत्रे लागतात, तारा लागतात, आणि ते सारे पैशावर चालते. म्हणून विजेच्या इतिहासात दोन प्रश्न जोडीने येतात. उजेड कोणाच्या घरी पडला, आणि त्याचा हिशेब कोणी पाहिला?

जमशेटजी टाटांनी सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करण्याचे मनात आणले. १९०४ साली ते निवर्तले. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीच्या धरणात जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली मावळात सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. जमीन मावळ्यांची आणि उजेड शहराचा, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता.

आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९६८ साली परभणी जिल्ह्यात येलदरीला पूर्णा नदीच्या पाण्यावर साडेबावीस मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. हळूहळू गावोगाव खांब उभे राहिले, विहिरींवर मोटारी बसल्या.

यानंतरची मोठी कथा दाभोळची. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी बोलणी ठरली आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने करार केला. निविदा मागवल्या नव्हत्या; कराराचा मजकूरही बराच काळ लोकांपुढे आला नाही. त्यातली मुख्य अट अशी की, वीज घ्या अथवा न घ्या, केंद्राचे ठरलेले भाडे भरलेच पाहिजे. समजा, एखाद्याने सालभराकरिता बैलजोडी भाड्याने घेतली. औत जुंपो न जुंपो, भाडे द्यायचे. चाऱ्याचा खर्च वेगळा. आणि भाव डॉलरचा! असा करार कोणता शहाणा शेतकरी करील? १९९५ साली नव्या सरकारने तो रद्द केला आणि फिरून वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. मे १९९९ मध्ये नाफ्त्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. तेलाचे भाव चढले, आणि २००० साली काही महिने दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. मंडळ कर्जात रुतले. २००१ साली माधव गोडबोले समितीने या कराराची चिरफाड केली आणि मे महिन्यात मंडळाने ती वीज घेणे बंद केले.

त्याच वर्षी २ डिसेंबरला खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले. खळ्यावर न आलेल्या पिकाचे पैसे आधीच पेटीत जमा दाखवावेत, आणि सावकाराचे देणे पाहुण्याच्या वहीत दडवावे, तसे तिचे हिशेब निघाले. ते तपासणारी आर्थर अँडरसन ही नामांकित पेढीदेखील त्या धक्क्याने मोडली. म्हणजे हिशेब तपासनिसाची सही असली की काम झाले, असे नाही.

तथापि, दोष परदेशी कंपनीलाच देऊन भागणार नाही. आपल्याकडे मोटार किती एचपीची, एवढ्यावर बिल आकारण्याची रीत पडली. मीटर नाही, म्हणून वापर किती हे कोणालाच ठाऊक नाही. मग तारांतली गळती आणि कुठली तरी चोरी, दोन्ही शेतीच्या नावावर लिहिण्यास वाट मोकळी झाली. वीज न वापरताच शेतकरी बदनाम झाला. मीटर हा आपला वैरी नसून साक्षीदार आहे, हे यातून घ्यायचे.

आता उन्हाची पाळी आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली. तिच्या २०२३ च्या नव्या रूपात, प्रकल्प होईल त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख रुपये देण्याचे ठरले. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यातच धरला आहे. किनवटसारख्या डोंगराळ, आदिवासी मुलखाला ही सोय मोलाची आहे. दिवसा पाणी देता आले, तर रात्री सापाकिरड्यातून बांधावर जाण्याचे टळेल.

पण ऊन फुकट असले, तरी कंत्राट फुकट नसते. पंप बंद पडला तर किती दिवसांत दुरुस्त झाला? प्रकल्पाने महिन्याला किती युनिटे दिली? पंचायतीकडे आलेली रक्कम कोठे खर्च झाली? हे ग्रामसभेत विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. १९९९ पासून राज्यात वीज नियामक आयोग आहे. दरवाढीच्या प्रस्तावावर तो हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो, आणि साधा ग्राहकही तेथे आपले म्हणणे मांडू शकतो. एन्रॉनच्या करारावेळी ही दारे उघडी नव्हती.

गुरुजनहो, शाळेवर सौर पट्ट्या असतील तर मीटरचा रोजचा आकडा मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. महिन्याअखेर बेरीज त्यांनाच करू द्या. कंपनीचा आकडा आणि फळ्यावरचा आकडा जुळतो की नाही, हे पाहण्याची सवय ज्या गावच्या मुलांना लागेल, त्या गावाला कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.