जखम भरून काढणारी प्रथिने : उपचार आणि मर्यादा

रक्तस्राव थांबणे, दाह, नव्या ऊतींची निर्मिती आणि त्यांची पुनर्रचना या चार टप्प्यांतून जखम भरून येते. रक्तातील प्लेटलेट जखमेच्या ठिकाणी 'वाढघटक' नावाची प्रथिने सोडतात. त्यांच्या संकेतामुळे पेशी जखमेकडे सरकतात, त्यांची संख्या वाढते आणि नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. मधुमेहींच्या पायावरील जुनाट जखमांमध्ये ही साखळी खंडित होते. अशी जखम चिघळल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

वाढघटकांच्या शोधाबद्दल स्टॅनले कोहेन आणि रीटा लेव्ही-माँताल्चिनी यांना १९८६ मध्ये वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. प्लेटलेटमधील वाढघटक जनुकीय तंत्राने यीस्टमध्ये तयार करून बनवलेल्या 'बेकाप्लर्मिन' जेलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९९७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी मान्यता दिली. भारतात हैदराबादच्या भारत बायोटेकने त्वचेच्या वाढघटकावर आधारित 'रेजेन-डी' जेल बाजारात आणले.

संकेत देणाऱ्या प्रथिनांप्रमाणेच आधार देणारी प्रथिनेही वापरली जातात. कोलॅजेनच्या पट्ट्या नव्या पेशींना वाढण्यासाठी सांगाडा पुरवतात. रेशमाच्या कोशातील सेरिसिन हा चिकट घटक काढल्यावर उरणारे फायब्रॉइन हे प्रथिनही याच कामी येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून उभी राहिलेली 'सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स' ही कंपनी ऊतींच्या पुनर्निर्मितीसाठी फायब्रॉइनचा वापर करते.

मात्र हा उपचार मूळ शुश्रूषेला पर्याय नाही. मृत ऊती काढून जखम स्वच्छ करणे, जंतुसंसर्ग आटोक्यात आणणे, पायावरील भार कमी करणे, रक्तातील साखर नियंत्रणात ठेवणे आणि पायाला पुरेसा रक्तपुरवठा असल्याची खात्री करणे आवश्यक असते. रक्तपुरवठाच अपुरा असेल, तर जेलचा अपेक्षित परिणाम होत नाही. बेकाप्लर्मिन शीतकपाटात ठेवावे लागते आणि ते दिवसातून एकदा पातळ थरात लावले जाते. दहा आठवड्यांत जखम सुमारे ३० टक्के लहान न झाल्यास उपचाराचा फेरविचार करावा, असे त्याच्या माहितीपत्रकात नमूद आहे.

पेशींच्या वाढीला चालना देणारे हे औषध जखमेच्या जागी कर्करोग असल्यास वापरता येत नाही. कर्करोगविषयक ठळक इशारा त्याच्या वेष्टनपत्रकात २००८ मध्ये जोडण्यात आला आणि पुढील माहितीच्या आधारे २०१८ मध्ये तो काढण्यात आला. त्यामुळे जखमेची तपासणी झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हा उपचार घेणे योग्य ठरते.