गुंथर सोंथायमर : धनगरी ओव्यांचा जर्मन अभ्यासक

खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा या दैवतांच्या अभ्यासात जर्मन भारतविद्यातज्ज्ञ डॉ. गुंथर-डिट्झ सोंथायमर (१९३४-१९९२) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र मात्र जेजुरीचा गड आणि पुणे, सातारा, सांगलीकडील मेंढपाळांची माळराने हेच राहिले.

सोंथायमर यांचे मूळ शिक्षण कायद्याचे. हिंदू कायद्याचे नामवंत अभ्यासक डंकन डेरेट यांच्या मार्गदर्शनाखाली लंडन येथे त्यांनी एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायदेशीर स्वरूपाचा विकास या विषयावर प्रबंध लिहिला. तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हिंदू विवाह व वारसा यांविषयीचे कायदे भारतात १९५५-५६ मध्येच संमत झाले होते, त्यामुळे हा विषय केवळ पोथीतला नव्हता. हिंदू देवतेला कायद्याने मिळणाऱ्या व्यक्तित्वावरही त्यांनी लिहिले आहे. देवाच्या नावे जमीन असते, देव न्यायालयात पक्षकार होऊ शकतो. जेजुरीत तर खंडोबाला राजा मानतात आणि सोमवती अमावास्येला त्याची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. कायद्याच्या अभ्यासकाला असा देव जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

त्यांचा मुख्य ग्रंथ बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या तीन दैवतांवर असून तो १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रकाशित झाला. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ हे पुस्तक १९६१ मध्येच आले होते आणि दा. ध. कोसंबी यांनीही पुणे परिसरातील ग्रामदैवतांकडे लक्ष वेधले होते. सोंथायमर यांनी या चर्चेत भर घातली ती मेंढपाळांच्या वाटांची. हटकर धनगर पावसाळ्यात पूर्वेकडील कोरड्या मुलखात राहतात, कारण अतिवृष्टीचा ओला प्रदेश मेंढ्यांना मानवत नाही. पाऊस सरला की ते चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघतात. त्यांचे देवही असेच फिरते आहेत. पुरंदर तालुक्यातील वीर येथील म्हस्कोबा हा कमळाजी नावाच्या धनगर भक्तामागून सोनारीहून (सध्याचा धाराशिव जिल्हा) आला, अशी कथा सांगितली जाते. अशा कथांकडे केवळ चमत्कार म्हणून न पाहता त्यांत वस्तीचा, वाटांचा व समाजांच्या परस्परसंबंधांचा इतिहास शोधता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

खंडोबाच्या दोन पत्नींचेही तसेच. म्हाळसा लिंगायत वाण्याची, तर बाणाई धनगराची. एक घरातली व बाजारपेठेतली, दुसरी रानातली. वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि वसवलेली भूमी, यांच्या देवघेवीतून महाराष्ट्रातील अनेक मोठी दैवते घडली, हा विचार सोंथायमर यांच्या लेखनात पुनःपुन्हा येतो.

या अभ्यासाचे प्रमुख साधन होते धनगरी ओवी. ओवी म्हटले की मराठी वाचकाला ज्ञानेश्वरी किंवा जात्यावरील गाणी आठवतात. धनगरी ओवी वेगळी. ती पुरुष रात्र-रात्र गातात, गायन आणि गद्य कथन आळीपाळीने चालते आणि बिरोबाची एकेक कथा तासन्‌तास लांबते. सोंथायमर यांनी या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. मेंढपाळी घटत असताना झालेले हे काम त्यांच्या सिद्धान्तांपेक्षाही मोलाचे मानावे लागेल.

हेरमान कुल्के यांच्यासह संपादित केलेल्या १९८९ मधील ग्रंथात त्यांनी हिंदू धर्माचे पाच घटक मांडले : ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. ही विभागणी काहीशी आखीव वाटते. परंतु लोकधर्म हा शास्त्राचा बिघडलेला अवतार नसून बरोबरीचा घटक आहे, हा त्यातील आग्रह महत्त्वाचा होता. एस. सेट्टर यांच्यासमवेत त्यांनी वीरगळ व सतीशिळा यांसारख्या स्मारकशिळांवरील ग्रंथ संपादित केला (१९८२). हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासह त्यांनी पंढरीच्या वारीवर चित्रपटही तयार केला.

मुख्य ग्रंथाचा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये निघाला आणि जर्मन न जाणणाऱ्या भारतीय अभ्यासकांना तो खुला झाला. तीनच वर्षांनी सोंथायमर यांचे निधन झाले. त्या वेळी ध्वनिमुद्रणांचा मोठा भाग छापून यायचा होता. खंडोबाविषयीचे त्यांचे निबंध १९९७ मध्ये संग्रहित झाले. बिरोबा आणि धुळोबा यांच्या, त्यांनी मुद्रित केलेल्या दोन प्रदीर्घ ओव्यांचा इंग्रजी अनुवाद फेल्डहाउस यांनी रामदास आतकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला.