हवेचा हातोडा आणि मोटारीचें चाक

मोटारीच्या जादा चाकाला महाराष्ट्रांत सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द मूळचा वेल्समधील लानेली गांवच्या एका रस्त्याच्या नांवाचा. १९०४ सालीं तेथील स्टेपनी रस्त्यावर डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेलें, हवाभरल्या टायरचें एक कडें विकावयास काढलें. पंक्चर झालेल्या चाकाला तें बाजूनें अडकवावयाचें आणि गाडी तशीच हांकीत न्यावयाची, अशी ती योजना होती. कारण त्या काळीं मोटारीचें चाक सहजासहजीं सुटत नसे. पुढें सुटीं चाकें आलीं, तीं चार-पांच नटांनीं जखडलीं जाऊं लागलीं, आणि पंक्चरची अडचण नटाच्या अडचणीवर येऊन ठेपली.

पावसानें गंजलेला नट पुष्कळदां हातपान्याला दाद देत नाहीं. गॅरेजमधील कारागीर मात्र रबरी नळी जोडलेलें पिस्तुलासारखें एक हत्यार त्याला लावतो, क्षणभर कर्कश खडखडाट होतो, आणि नट निमूटपणें सुटून येतो. हा हवेवर चालणारा ‘इम्पॅक्ट रेंच’. आतां तो हौशी मोटारमालकांच्या घरींहि दिसूं लागला आहे. त्याचें कूळ मात्र मोटारीहून जुनें असून तें थेट आल्प्स पर्वताच्या पोटांत सांपडतें.

आज फ्रान्स व इटली यांच्या सीमेवर असलेल्या माँ सेनी येथें १८५७ सालीं सुमारें १३ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा खणण्यास आरंभ झाला. डोंगर इतका उंच कीं वरून मध्येंच विहिरी पाडून काम विभागणें अशक्य. जें काय खणावयाचें तें दोन्ही टोकांकडूनच. छिन्नी आणि घण यांनीं सुरुंगाचीं भोकें पाडीत गेल्यास पाव शतक लागेल, असा अंदाज होता. वाफेचें इंजिन आंत नेलें तर धुरानें माणसें गुदमरावयाचीं. जर्मां सोमेये या इंजिनिअरानें यावर तोड काढली ती अशी कीं, बाहेर डोंगराच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबावयाची, ती नळांतून आंत न्यावयाची आणि तिच्यावर छिन्नीचें यंत्र चालवावयाचें. १८६१ सालीं इटलीकडील बार्डोनेकियाच्या बाजूस हीं यंत्रें खडकाला भिडलीं. त्यांतली गोम अशी कीं, काम करून यंत्रांतून सुटलेली हवा वायां जात नसे, ती आंतल्या मजुरांना श्वासासाठीं मिळे. २६ डिसेंबर १८७० रोजीं दोन्ही टोकें एकमेकांस मिळालीं आणि सप्टेंबर १८७१ मध्यें बोगदा खुला झाला. सोमेये त्यापूर्वीं दोनच महिने, जुलै महिन्यांत, निवर्तला होता.

हवेचा हातोडा तेथून खाणींत, मग जहाजांच्या गोदींत आणि पुलांच्या रिव्हेटांवर गेला. परंतु ठोकणें वेगळें आणि फिरविणें वेगळें. यंत्र नटाला जेवढा पीळ देईल तेवढाच उलटा पीळ धरणाऱ्याच्या मनगटाला बसतो. निसर्गाचा हा हिशेब कोणाला चुकवितां येत नाहीं. १९३४ च्या सुमारास इंडियाना राज्यांतील रॉबर्ट पॉट याची युक्ति इंगरसोल-रँड या अमेरिकन कंपनीनें बाजारांत आणली, ती नेमकी येथें उपयोगी पडली. आंतील जड हातोडा आधीं मोकळा फिरून वेग घेतो आणि मग नट फिरविणाऱ्या दांड्याच्या खांद्यावर आदळतो. वेगांत सांठविलेली सारी शक्ति क्षणार्धांत नटावर खर्च होते, व लगेच दुसरा घाव. मिनिटाला असे शेंकडों घाव पडतात, पण मनगटाला जाणवतो तो केवळ हवेच्या लहानशा मोटरीचा पीळ. १९५१ सालीं अमेरिकेंत मजबूत पोलादी बोल्टांच्या जोडांचे पहिले नियम झाले, आणि तापलेल्या रिव्हेटांची जागा हळूहळू या पान्यानें आवळलेल्या बोल्टांनीं घेतली.

घरगुती वापरांतील धोका याच गुणांतून उद्भवतो. हाताला जोर जाणवत नाहीं, म्हणून नट किती आवळला हेंहि जाणवत नाहीं. लहान मोटारीच्या नटाला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. बाजारांतला अर्ध्या इंची पाना त्याच्या कित्येक पट देऊं शकतो. अति आवळलेला बोल्ट ताणला जातो, त्याचे आटे जातात, आणि रात्रीं आडरस्त्यावर पंक्चर झाल्यास गाडींतल्या साध्या पान्यानें तो हालत नाहीं. यंत्रानें नट सोडवावेत. लावतांना ते आधीं बोटांनीं बसवावेत, आणि गाडी जमिनीवर टेंकल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीनें, टॉर्क रेंचनें, गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्यापर्यंत आवळावेत.

विकत घेणारा बहुधा पान्याचा जोर पाहतो आणि कॉम्प्रेसरकडे दुर्लक्ष करतो. खरी मेख तेथेंच आहे. अर्ध्या इंची पान्याला सरासरीनें मिनिटाला ११० ते १४० लिटर हवा लागते, आणि तीहि सहा-साडेसहा बार दाबाची. कॉम्प्रेसरवर छापलेला मोठा आंकडा पुष्कळदां तो किती हवा ओढतो याचा असतो. प्रत्यक्ष देतो ती हवा बरीच कमी. टाकी पन्नास लिटरची असेल तर थांबत थांबत चार चाकें निघतात. नळी आंतून दहा मिलिमीटरपेक्षां अरुंद नको. सॉकेट काळे, आघातासाठींच बनविलेले असावेत. चकचकीत हातसॉकेट घावांनीं फुटून डोळ्यांत उडूं शकतो. चष्मा व कानांत बोळे हवेतच. कोंकणांत आणि मुंबईंत पावसाळ्यांत टाकींत पाणी फार सांचतें. तें रोज सोडावें, आणि पान्याच्या तोंडांत तेलाचे दोन-चार थेंब घालावेत.

ज्याला रंगाचा फवारा, धूळ झाडणें वगैरे कामांसाठीं कॉम्प्रेसर हवाच आहे, त्यानें हा पाना अवश्य घ्यावा. केवळ चार चाकांसाठीं एवढा पसारा मांडण्यांत अर्थ नाहीं. बॅटरीवरचा पाना तेंच काम नळीशिवाय करतो. चाक कोणत्याहि पान्यानें काढलेलें असो, ऐंशी ते शंभर किलोमीटर धांवल्यावर त्याचे नट टॉर्क रेंचनें एकदां पुन्हां तपासावे लागतात.