मोटारीच्या बॉनेटखालचा नमदा

मोटारीचा इतिहास सांगणारे लोक बहुधा तिच्या वेगाविषयी बोलतात. तिच्या आवाजाविषयी फारसे कोणी बोलत नाही. बॉनेटच्या पत्र्याला आतून चिकटविलेले नमद्याचे अस्तर ही तर इतकी किरकोळ वस्तू, की विकणाऱ्याने तिचा उल्लेख केला नाही तरी घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. तथापि दिवेआगरासारख्या समुद्रकाठच्या गावी जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास या अस्तराचा विचार करावाच लागतो. तो का, हे सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

कार्ल बेंझ याने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तेव्हा गाडी चालते हेच आश्चर्य होते. ती आवाज किती करते हा प्रश्नच नव्हता. पुढे वीस-एकवीस वर्षांत चित्र पालटले. १९०७ साली रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या एका गाडीस ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत, असे नाव दिले, ते ती भुतासारखी निःशब्द चालते म्हणून. शांतता ही विकण्याजोगी वस्तू आहे हे धनिकांच्या बाजारात त्या वेळी ठरून गेले. गरिबाच्या मोटारीपर्यंत ती पोहोचावयास मात्र पुष्कळ वर्षे लागली.

ध्वनी आवरण्याचे शास्त्र मोटारीच्या कारखान्यात जन्मास आले नाही. ते एका व्याख्यानगृहात जन्मले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील सभागृहात वक्त्याचा शब्द इतका घुमे की पुढच्या शब्दाशी तो मिसळून जाई. १८९५ साली वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाकडे हे दुखणे सोपविण्यात आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या रात्री आणवून सभागृहात मांडल्या आणि किती गाद्या मांडल्या असता घुमणे किती कमी होते हे मोजले. पोकळ, तंतुमय वस्तूच्या छिद्रांत हवेची कंपने शिरतात, तेथे घासली जातात आणि त्यांची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरून जाते. ज्या खोलीतून रेडिओवरील भाषणे होतात तिच्या भिंतींचा मऊपणा याच शोधाचा वारसदार आहे आणि बॉनेटखालचा नमदाही त्याच कुळातला.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुष्कळ कारागीर तो ठेवीत नाहीत. नमदा हवेतील आवाज शोषतो. पण पत्रा स्वतःच डफासारखा थरथरत असेल तर नमद्याचा उपयोग थोडा. तेथे डांबराची किंवा रबराची जड चकती पत्र्यास चिकटवावी लागते. बॉनेटवर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावी. ‘ठण्ण’ असा लांबणारा नाद निघाला तर पत्रा थरथरतो आहे. ‘ठक्‌’ असा तुटका निघाला तर शमन पुरेसे आहे. तिसरी गोष्ट वजनाची. आडोशाचे वजन दुप्पट केले तर पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. परंतु बॉनेटचे वजन दुप्पट केल्यास ते उचलणार कोण, आणि बिजागरी टिकणार किती दिवस?

आता आपल्या प्रांताकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ साली स्थापन झाली व कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरविले की येथे सुटे भाग बनविण्याची योजना नसलेल्या कंपन्यांनी केवळ मोटारी जुळविण्याचा धंदा आवरावा. त्याप्रमाणे शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद पडला. त्याच सुमारास कुर्ल्याहून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढे १९७४ साली तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. काटक आणि समजण्यास सोपे.

त्या काळी गिऱ्हाईक मोटार नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला शांतता देण्याची गरज कोणास वाटणार? माझ्या मते आपल्याकडील मोटारींच्या खडखडाटाचे खरे कारण यंत्रात नसून या परिस्थितीत आहे. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली तेव्हा कोठे लोकांना तुलना करावयास काही मिळाले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरातली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबराअखेर तीही रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अद्याप आहेत, आणि त्यांचे मालक त्यांवर पोटच्या मुलाप्रमाणे माया करतात.

दिवेआगर हे प्राचीन गाव. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, मराठी ताम्रपट येथलाच. तथापि शहरच्या मोटारींची खरी रीघ लागली ती १९९७ च्या नोव्हेंबरात येथील एका वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडल्यानंतर. माणगाव, म्हसळा असा वळणावळणांचा रस्ता चढून-उतरून आलेली जुनी गाडी नारळीखाली उभी राहते आणि मग तिचे शत्रू कामास लागतात. समुद्राचा खारा वारा हा पहिला. नमदा भिजला की ती खारी ओल पत्र्याशी धरून बसतो आणि वरचा रंग साबूत असताना आतून गंज चढतो. दुसरा शत्रू उंदीर. वाडीतल्या उंदरास बॉनेटखालच्या उबदार नमद्याहून चांगले बाळंतघर मिळणार नाही. कुरतडलेला नमदा खाली लोंबतो आणि फिरत्या पंख्यात किंवा पट्ट्यात सापडतो.

आमच्याकडे सोडणांचा आणि काथ्याचा तोटा नाही, म्हणून काथ्याचीच गादी चिकटवावी अशी सूचना कोणी ना कोणी करतोच. ती साफ नाकारावी. काथ्या आवाज चांगला शोषतो हे खरे. परंतु तेल आणि पेट्रोल यांची वाफ मुरलेला काथ्या म्हणजे इंजिनावर टांगलेला काकडा होय. तागाच्या साध्या नमद्यासही हाच दोष आहे. न पेटणारे म्हणून तपासलेले आणि खालून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले अस्तर घ्यावे. पापुद्रा उष्णता परतवितो, त्यामुळे बॉनेटचा रंगही टिकतो.

जुने अस्तर काढताना घाई करू नये. पूर्वी काही मोटारींच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर रोग कित्येक वर्षांनी प्रकट होतो. म्हणून अस्तर कशाचे आहे याची शंका असल्यास ते कोरडे खरवडू नये. त्याला हात न लावता जाणकाराकडून तपासून घ्यावे. ते निर्धोक ठरले की उरलेला गोंद रॉकेलने मऊ करून काढावा, पत्रा धुऊन वाळवावा, गंज घासून रेड ऑक्साइड लावावे. वर्तमानपत्राचा कागद बॉनेटच्या आत धरून साचा कापावा. कडांची पाणी निचरण्याची छिद्रे, कुलूप आणि बिजागऱ्या मोकळ्या ठेवाव्या. तेथेच बहुतेकांचे काम बिघडते. नुसत्या गोंदावर विसंबू नये, कारण उन्हात तो सुटतो. कडेस चिमटेही बसवावे. हे काम पावसाळ्यात हाती घेऊ नये.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविण्याचा नियम २०२१ साली झाला. तिची चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यात अट आहे. अस्तर बदलणे हा काही सांगाड्यातील फेरफार नव्हे. त्या भीतीने कुजका नमदा जपून ठेवणाऱ्यांनी निश्चिंत असावे. मात्र एवढे करूनही गाडीच्या आतला आवाज बेताचाच घटतो, कारण इंजिनाचा मोठा आवाज बॉनेटमधून नव्हे, तर इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्याच्या भिंतीतून व तीमधील तारा-दांड्यांच्या भोकांतून आत येतो. ती भोके रबराने बंद करण्यास एक दुपार पुरते.