शेवटचे काही प्रयोग

नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे तीन प्रयोग' असे शब्द दिसले की माझ्यासारखा जुना प्रेक्षक निर्धास्त होतो. म्हणजे अजून दोन-चार वर्षे तरी नाटक कुठे जात नाही! शेवटचे तीन झाले की 'लोकाग्रहास्तव आणखी पाच', मग 'नव्या संचात', मग 'परदेश दौऱ्यापूर्वी खास'. या विद्येत आमच्या नाटकवाल्यांचा हात धरील असा एकच माणूस मला ठाऊक आहे आणि तो इंग्रज आहे. नाव रॉबर्ट स्मिथ. जन्म 1959 चा, म्हणजे माझ्याच वर्षीचा. तेव्हा त्याला एकेरी संबोधण्याचा अधिकार मी घेतो.

हा वाढला तो ससेक्समधल्या क्रॉली नावाच्या गावात, गॅटविक विमानतळाच्या शेजारी. तिथे शाळासोबत्यांना जमवून त्याने वाद्यवृंद काढला. 1978 पासून त्याचे नाव 'द क्युअर', म्हणजे इलाज. आपल्याकडे जन्मली असती तर 'क्रॉलीकर इलाज संगीत मंडळी' म्हणून गावोगाव तंबू ठोकत फिरली असती. हे लोक वाजवतात त्याला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात. आता हा पर्याय नक्की कशाला, असे विचारू नये. छबिलदासच्या हॉलात व्हायचे ते प्रायोगिक आणि शिवाजी मंदिरला होते ते व्यावसायिक, तसाच काहीसा भेद. फरक इतकाच, की ही मंडळी छबिलदासमधून निघून थेट स्टेडियमात गेली आणि कपाळावरचा 'प्रायोगिक' हा टिळा तसाच ठेवून गेली. स्मिथचे केस म्हणजे कावळ्याने घरटे अर्ध्यावर टाकून दिलेले, आणि ओठांवर लिपस्टिक, तीही ओठांची हद्द ओलांडून गेलेली. हा वेष त्याने साठी उलटल्यावरही सोडला नाही.

माझी-त्याची गाठ हॉस्टेलवर पडली. शेजारच्या खोलीतल्या मडगावच्या मुलाला त्याच्या आखातातल्या मामाने कॅसेटी पाठवल्या, त्यात यांची 1982 सालची एक होती. तिचे नाव मी इथे लिहितो ते केवळ इतिहासाच्या गरजेपोटी: 'पोर्नोग्राफी'. नाव ऐकून अर्धे हॉस्टेल त्या खोलीत जमले. दहा मिनिटांत पांगले. आत होते मरण, भीती आणि ढोलावर पडणारे संथ ठोके. कुणी चुगली केली म्हणून रेक्टर धावत आले, दारात थबकले, क्षणभर ऐकले आणि "कोणी गेलं का रे?" असे हळूच विचारून चपलांचा आवाज न करता परत गेले.

त्याच ध्वनिमुद्रिकेच्या दौऱ्यात, मे 1982 मध्ये, स्ट्रासबर्गच्या एका क्लबात पिण्याच्या बिलावरून स्मिथ आणि बास वाजवणारा सायमन गॅलप यांची हाणामारी झाली. स्मिथ तडक क्रॉलीला घरी निघून आला. मंडळी मोडली! पण घरी वडील होते. त्यांनी चिरंजीवांना सांगितले म्हणतात, की लोकांनी तिकिटे काढली आहेत, मुकाट्याने परत जा. बंडखोर संगीताच्या इतिहासात या वाक्याला जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळालेला नाही. मुलगा परत गेला, दौरा पुरा झाला, आणि मग मंडळी खरोखरच मोडली. गॅलप गेला. दोन-तीन वर्षांत परतही आला. 2021 मध्ये त्याने पुन्हा सोडल्याचे जाहीर केले आणि दोन-एक महिन्यांत पुन्हा हजर! याला मी घराण्याची शिस्त म्हणतो.

मधल्या काळात स्मिथने नाचायला लावणारी आनंदी गाणीही केली आणि ती धो धो चालली. त्यांविषयी मी लिहीत नाही, ती तुमच्या मुलांना पाठ आहेत. पण 1989 जवळ आले आणि या गृहस्थाला तिशीने गाठले. तिशीत आपण पॉलिसी काढतो. त्याने 'डिसइंटिग्रेशन' काढले. नावाचा अर्थच विघटन. अमेरिकेतल्या कंपनीच्या साहेबांनी ऐकून कपाळाला हात लावला, आणि ते लाखांनी खपले. विमानाची भीती म्हणून मंडळी 'क्वीन एलिझाबेथ 2' या बोटीने अमेरिकेच्या दौऱ्याला गेली. हा दौरा शेवटचा, असे जाहीर झाले. 1992 मध्ये 'विश' आले आणि इंग्लंडात पहिल्या नंबरावर बसले. 2000 मध्ये 'ब्लडफ्लॉवर्स'. ते तर शेवटचेच. त्यानंतर 2004 मध्ये एक, 2008 मध्ये आणखी एक.

आणि मग, कुणीही काहीही जाहीर केले नसताना, खरेच सगळे थांबले. कार्यक्रम चालू, नवी मुद्रिका नाही. 2019 मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. स्मिथ म्हणाला, याच वर्षी देतो. 2022 मध्ये म्हणाला, दौऱ्याआधी देतो. ऑक्टोबरात दौरा निघाला, नवी गाणी लोकांपुढे गायली गेली, मुद्रिका नाहीच. आमचा शिंपीही असाच 'बुधवारी या' म्हणतो, पण तो बुधवार सोळा वर्षांत केव्हा तरी येतो.

याच काळात, 2023 मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्याची तिकिटे निघाली. स्मिथने काही मुद्दाम वीस डॉलरला ठेवली होती. विकणाऱ्या कंपनीने त्यावर एवढे आकार लावले, की काही ठिकाणी घोड्यापेक्षा नाल महाग झाली. स्मिथने ठळक मोठ्या अक्षरांत जाहीर आरडाओरडा केला आणि कंपनीला तिकिटामागे पाच ते दहा डॉलर परत करायला लावले. हे वाचताना मला क्रॉलीचे ते वडील आठवले. लोकांनी तिकिटे काढली आहेत!

वडील तेव्हा नव्हते. मधल्या वर्षांत स्मिथचे वडील गेले, आई गेली आणि थोरला भाऊ रिचर्डही गेला.

अखेर सप्टेंबर 2024 मध्ये क्रॉलीतल्या एका पबबाहेर एक काळे पोस्टर लागले. त्यावर 1 नोव्हेंबर ही तारीख रोमन आकड्यांत! नाव 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', हरवलेल्या जगाची गाणी. फक्त आठ. पहिल्या 'अलोन'मध्ये तीन मिनिटांहून अधिक काळ नुसती वाद्ये, मग माणूस तोंड उघडतो. शेवटच्यात तर सहा मिनिटे. आमच्याकडे विलंबित ऐकणाऱ्यांना याचे काही वाटणार नाही. ते शेवटचे गाणे जुलै 1969 चे आहे. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा दहा वर्षांचा स्मिथ वडिलांबरोबर बागेत उभा राहून चंद्राकडे पाहत होता. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा त्याने पुन्हा वर पाहिले. चंद्र होता.

विशीत मरणावर गाणी लिहिणे सोपे असते, कारण घरातली सगळी माणसे रात्री जेवायला हजर असतात. भावावरचे गाणे, 'आय कॅन नेव्हर से गुडबाय', त्याने पुन्हा पुन्हा लिहिले आणि शेवटी त्या रात्री जे घडले तेवढेच सरळ सांगितले. रिचर्डने त्याला लहानपणी जिमी हेंड्रिक्स ऐकवला होता. आमच्या दादाने मला रेडिओ सिलोन. थोरल्या भावांचे काम जगभर हेच: आपल्याला हवे ते लावायचे आणि धाकट्याला बसवून ऐकवायचे. दादाला जाऊन सहा वर्षे झाली. वर्तमानपत्रातली चार ओळींची निधनवार्तासुद्धा पुतण्याने लिहिली, मला ती जमेना. तेव्हा सोळा वर्षांबद्दल मी स्मिथशी भांडत नाही.

मुद्रिका आली त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी थिएटरात मंडळींनी आठही गाणी ओळीने वाजवली आणि मग जुनी. एकूण एकतीस, सुमारे तीन तास. 'विश'नंतर बत्तीस वर्षांनी इंग्लंडात पुन्हा पहिला नंबर लागला. त्याच सुमाराला स्मिथने सांगून टाकले, की 2029 मध्ये मी सत्तर वर्षांचा होईन, पहिल्या मुद्रिकेला पन्नास वर्षे होतील, तोवर टिकलो तर मग बस्स.

तारीख मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.