श्वानस्वभाव-चाचणी

पाळीव कुत्रा अनोळखी माणूस, अचानक झालेला आवाज, दुसरा कुत्रा किंवा तोंडापुढचे अन्न हिरावले जाणे अशा प्रसंगी कसा वागतो, हे जाणकाराने निरखून नोंदवण्याची पद्धत. कुत्रा कुणाला चावला, घरात बाळ येणार आहे किंवा कायद्याने परवाना हवा आहे, अशा वेळी ती करून घेतात. शिकवणीशी तिचा फारसा संबंध नाही; ‘बस’ म्हटल्याबरोबर बसणारा कुत्राही फटाका वाजला की बिथरतो.

इव्हान पाव्हलॉव्ह यांनी आपल्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांचे मज्जासंस्थेच्या धाटणीवरून चार प्रकार कल्पिले होते. पुढे स्कॉट व फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने आनुवंशिकतेबरोबरच पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातील सहवासाचे महत्त्व ठसवले.

स्वीडनमधील चाचणी विशेष प्रसिद्ध आहे. मालक कुत्र्याला घेऊन पायवाटेने चालतो आणि दोऱ्या ओढून माणसाच्या आकाराचे बुजगावणे एकदम समोर उभे केले जाते. पुढे पन्हळी पत्र्यावरून साखळी खडखडत ओढतात, पांढऱ्या चादरी पांघरलेली ‘भुते’ हळूहळू जवळ येतात, बंदुकीचे बार होतात. दचकणे हा दोष नव्हे. दचकल्यावर कुत्रा किती वेळात सावरतो आणि त्या वस्तूचा वास घ्यायला जातो का, हे खरे पाहायचे असते. प्रत्येक वर्तनाला १ ते ५ असे गुण मिळतात. स्वार्टबर्ग व फोर्कमन यांनी २००२ मध्ये अशा १५,३२९ कुत्र्यांच्या नोंदींतून खेळकरपणा, कुतूहल व निर्भयता, पाठलागाची ओढ, मिळून-मिसळून राहणे आणि आक्रमकता असे पाच गुणविशेष वेगळे काढले.

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याने २००० मध्ये काही जातींसाठी चाचणी सक्तीची केली. हॅनोव्हरच्या अभ्यासकांनी तीच चाचणी ७० गोल्डन रिट्रीव्हरना लावली, तेव्हा यादीतल्या जाती आणि हे ‘गरीब’ कुत्रे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींवर निर्बंध घालण्याची सूचना राज्यांना केली, तीही जातीवरच बेतलेली. कर्नाटक उच्च न्यायालयाने ती एप्रिलमध्ये रद्द ठरवली.

चाचणीची भविष्यवाणी मात्र बेतानेच घ्यावी. पॅट्रोनेक व ब्रॅडली यांनी २०१६ मध्ये प्राणी-आश्रयगृहांतील चाचण्यांबाबत दाखवले, की गंभीर आक्रमकता मुळातच विरळ असल्याने ‘धोकादायक’ ठरणाऱ्या कुत्र्यांत निरुपद्रवीही पुष्कळ असतात. अगदी लहान पिल्लावरून मोठेपणीचा स्वभाव सांगणे तर त्याहून बेभरवशाचे.

म्हणून घरच्या कुत्र्याच्या बाबतीत चांगला तज्ज्ञ आधी पशुवैद्यकीय तपासणी मागतो. कान ठणकत असला किंवा सांधे दुखत असले, तर एरवीचा शांत कुत्राही हात लावताच गुरगुरतो. मग तो घरच्यांना खोदून विचारतो : कोणाला चावला, त्याआधी काय घडले, अंग ताठ केले होते का, दात कातडीत किती रुतले. मुलांशी कसा वागेल हे पाहण्यासाठी खऱ्या मुलाला कधीही पुढे करत नाहीत. बाहुली वापरतात, आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्षही जपूनच धरतात.