आधी काडतूस, मग रायफल

रायफल विकत घेणं वेगळं आणि बांधून घेणं वेगळं. ऑस्ट्रियातल्या फेर्लाख गावात, जर्मनीतल्या झूल शहरात किंवा लंडनच्या जुन्या पेढ्यांवर आजही गिऱ्हाईक शिंप्याकडे जावं तसं कारागिराकडे जातं. खांद्याचं, हाताचं, मानेचं माप दिलं जातं. दस्त्यासाठी अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा निवडला जातो. पण या सगळ्याच्या आधी कारागीर एक प्रश्न विचारतो: काडतूस कोणतं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तो कानशीलाही हात लावत नाही. नळीचं भोक, तिच्यातल्या पेचांचा पीळ, चेंबरची लांबी, मॅगझिनची खोली, सगळं काडतुसावरून ठरतं.

मी शिकारी नाही. जुने कॅटलॉग, शिकारकथा आणि शस्त्रकायद्याचे खर्डे वाचण्याचा मला नाद आहे, एवढंच. या वाचनातून एक गोष्ट मला हळूहळू जाणवत गेली. कोणत्या जनावरासाठी कोणतं काडतूस यावर शिकारी मंडळी तासन् तास बोलतात. पण ज्या काडतुसांना आज अभिजात म्हणतात, त्यांतली कितीतरी जनावर बघून ठरलेलीच नाहीत. कुठे ती सैन्याच्या गरजेने ठरली, कुठे यंत्राच्या मापाने आणि कुठे सरकारच्या भीतीने. आणि या गोष्टीचं एक टोक थेट आपल्या गावातल्या परवानाधारकाच्या घरापर्यंत येतं.

थोडी परिभाषा सांगून टाकतो. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. युरोपखंडात काडतुसाचं नाव दोन आकड्यांत सांगतात. ७×५७ म्हणजे नळी ७ मिलीमीटरची आणि पुंगळी ५७ मिलीमीटर लांब. पुढे ‘आर’ असेल तर पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे असं समजावं. इंग्रज मात्र सारं इंचाच्या दशांशात सांगणार. एकच काडतूस दोन नावांनी फिरतं ते यामुळे, आणि नवखा वाचक इथेच चकतो.

७×५७ पासून सुरुवात करणं बरं, कारण जुन्या वळणाची रायफल बांधून घेणाऱ्यांच्या यादीत ते आजही बरंच वर असतं. पॉल माउझरने ते १८९२च्या सुमारास सिद्ध केलं ते सैनिकांसाठी. स्पेनने १८९३ साली त्याची रायफल स्वीकारली. १८९८ साली क्यूबात सान हुआनच्या टेकडीवर अमेरिकन सैन्याला तिचा असा तडाखा बसला, की पुढे अमेरिकेने आपली नवी रायफल माउझरच्या धर्तीवर बनवली आणि माउझर कंपनीला त्याचं स्वामित्वधन मोजलं. लगोलग १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत युद्ध पेटलं. बोअर शेतकऱ्यांच्या हातात हीच रायफल होती आणि समोर इंग्रज .३०३ घेऊन उभे होते.

शत्रूच्या हातातलं हे काडतूस मग लंडनमध्ये शिकारी पोशाख घालून अवतरलं. माउझरच्या रायफली इंग्लंडात विकण्याचा मक्ता जॉन रिग्बी यांच्या पेढीकडे होता. हे रिग्बी आधी एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्याचे प्रमुख होते, म्हणजे माणूस आतल्या गोटातला. त्यांनी ७×५७ला इंग्रजी नाव दिलं: .२७५ रिग्बी. गोळीचा खरा व्यास मोजला तर तो .२८४ इंच भरतो. मग .२७५ आलं कुठून? नळीत जे पेच कोरलेले असतात त्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर ७ मिलीमीटर, म्हणजे इंचात साधारण .२७५. जर्मन माप इंग्रजीत लिहिलं, इतकंच. पण बोअर युद्धाच्या जखमा ताज्या असताना साहेबी गिऱ्हाइकाला ‘माउझर’पेक्षा ‘रिग्बी’ हे नाव जास्त सोसलं असणार, असा माझा तर्क आहे.

वॉल्टर बेल या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे या बारक्या काडतुसाने. लांब, पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी आणि हत्तीच्या कवटीच्या रचनेचा बारकाईने केलेला अभ्यास, हे त्याचं भांडवल. ही कामगिरी गौरवाने सांगण्याची मला इच्छा होत नाही. परंतु एक तांत्रिक मुद्दा त्यातून कळतो. ७×५७ची मूळ गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.२ ग्रॅमची, लांब आणि बोथट तोंडाची होती. ती हवेत स्थिर राहावी म्हणून पेचांना २२० मिलीमीटरमध्ये एक पूर्ण फेरा दिला आणि चेंबरच्या पुढे गोळीच्या नाकासाठी लांब मोकळी जागा ठेवली. आज त्याच नळीतून आखूड, हलकी गोळी मारली तर ती पेचांना भिडण्याआधी बरंच अंतर मोकळी धावते आणि नेमकेपणा घटू शकतो. म्हणून रायफल बांधून घेणाऱ्याने नुसतं ‘७×५७’ म्हणून भागत नाही, कोणत्या वजनाची गोळी वापरणार तेही कारागिराला आधीच सांगावं लागतं. शिवाय १८९३ची यंत्रणा १८९८च्या यंत्रणेइतकी भक्कम नाही. जुन्या रायफली अजून वापरात असल्याने काही कारखाने या काडतुसात दारू मुद्दाम बेताची भरतात. मला विचाराल तर ७×५७ आणि ९८ची माउझर यंत्रणा हा जोड अजूनही सर्वांत समजूतदार आहे. धक्का कमी, गोळी खोल जाते आणि मॅगझिनमध्ये कसलीही ओढाताण करावी लागत नाही.

यंत्र आणि काडतूस एकमेकांना किती बांधलेले असतात याचा कळस पाहायचा तर १९०३ची मानलिखर-शोनाउअर रायफल पाहावी. ग्रीक सैन्यासाठी ऑस्ट्रियातल्या श्टायरच्या कारखान्याने ती बनवली आणि तिचं काडतूस होतं ६.५×५४. तिच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली नसतात. रहाटासारख्या फिरत्या चक्राच्या खाचांत ती बसतात. बोल्ट ओढताना हाताला जी मऊ सरक लागते तिचं वर्णन करताना जुने शिकारी कवी होतात. पण त्या खाचा एकाच काडतुसाच्या अंगावर बेतलेल्या. दुसरं काडतूस हवं तर चक्र दुसरं. म्हणून कारखान्याने ९ मिलीमीटरसाठी १९०५चं, ८ मिलीमीटरसाठी १९०८चं आणि ९.५ मिलीमीटरसाठी १९१०चं अशी वेगळी मॉडेलं काढली.

बर्लिनच्या ओटो बोकचा १९०५चा हिशेब उलट दिशेने गेला. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत राहणाऱ्या शेतकऱ्याला लंडनची दुनळी रायफल परवडणारी नव्हती. बोकने स्वस्तात मिळणारी साधी माउझर यंत्रणा घेतली, तिच्या मॅगझिनमध्ये जेमतेम मावेल एवढी मोठी पुंगळी बेतली आणि ९.३×६२ तयार केलं. साडेअठरा ग्रॅमची गोळी, रानम्हशीलाही पुरून उरणारी.

आता कायद्याकडे येतो. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीत सैन्याचं ८×५७ काडतूस नागरिकांना वापरणं अवघड झालं. तिथल्या कारागिरांनी पुंगळी ३ मिलीमीटर लांब केली, जुन्या रायफलींचे चेंबर तेवढेच खोल केले आणि ८×६० नावाचं ‘शिकारी’ काडतूस जन्माला आलं. जनावराच्या दृष्टीने फरक शून्य, फरक काय तो कागदावर. फ्रान्समध्ये लष्करी मापांवरची बंधनं २०१३पर्यंत टिकली. ब्रेनेकेचं ७×६४ तिथे इतकं रुजलं त्यामागे या बंधनांचा मोठा हात आहे.

याच जातीची पण जास्त परिणामकारक बंदी हिंदुस्थानात आली, १९०७ साली. सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. त्यांच्या गोळीचं माप .४५० इंचाचं. साहेब लोक वाघ-हत्तींसाठी ज्या अवजड दुनळी रायफली आणत त्यांचंही लाडकं माप .४५०च, आणि ते काडतूस १८९८ साली आणणारे पुन्हा आपले जॉन रिग्बी. शिकारी काडतुसं चोरीला जातील, त्यांची गोळी, दारू, टोपी काढून मार्टिनीची पुंगळी भरली जाईल, असं सरकारला भय वाटलं. हिंदुस्थान आणि सुदान इथे .४५०ची आयात बंद झाली.

लंडन आणि बर्मिंगहॅमच्या पेढ्यांचं हे मोठं गिऱ्हाईक. त्यांनी केसभर मोठी मापं काढली. कोणी .४६५, कोणी .४७०, कोणी .४७५, कोणी .४७६. आज लिलावात लाखोंनी विकल्या जाणाऱ्या .४७०च्या दुनळी रायफलीचं कौतुक करताना कोणाला आठवत नाही, की तिच्या लोकप्रियतेचं मूळ कोणा शिकाऱ्याच्या अनुभवात नसून एका सरकारी बंदीत आहे.

साहेबाला ही गैरसोय तरी केवढी? १८७८च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हतं आणि युरोपियनांना मात्र सूट होती. या भेदाविरुद्ध काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत ठराव होत राहिले. १९०७ची बंदी मी या पार्श्वभूमीवर वाचतो. साहेबाचं माप .०२० इंचाने बदललं. रानडुक्कर शेतात शिरलं तर इथल्या शेतकऱ्याच्या हाती गोफण, फार तर ठासणीची बंदूक.

त्याच १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. कॉर्बेटने दिलेल्या आकड्याप्रमाणे तिने ४३६ माणसं मारली होती. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला बक्षीस म्हणून जी रायफल दिली ती .२७५ रिग्बी, माउझर यंत्रणेवरची. म्हणजे स्पेनच्या शिपायाचं आणि बोअर शेतकऱ्याचं काडतूस कुमाऊंच्या डोंगरात पोचलं होतं. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली पडला तोही .२७५नेच. बक्षिसाची ती रायफल आता रिग्बी कंपनीच्याच ताब्यात आहे. मराठी वाचकाला कॉर्बेट पाठ असतो, पण त्याच्या हातातल्या काडतुसाची ही वंशावळ सहसा सांगितली जात नाही.

आणि आता .३१५. महाराष्ट्रात काय किंवा उत्तरेत काय, ज्याच्याकडे रायफलीचा परवाना आहे त्याच्याकडे बहुधा ‘थ्री फिफ्टीन’ असते. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते तीच. पुष्कळांची समजूत अशी, की हे खास देशी माप आहे. ८ मिलीमीटरचे इंच करून पाहा: .३१५. हे काडतूस म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं ८×५०आर मानलिखर. १८८८च्या रायफलीसाठी बनलेल्या काळ्या दारूच्या काडतुसात १८९०मध्ये बिनधुराची दारू आली, त्याचं हे रूप.

ते इथे कसं आलं? .३०३ हे हिंदुस्थानातल्या फौजेचं माप, म्हणून खाजगी माणसाला वर्ज्य. पण ली-एनफिल्डची यंत्रणा, तिची हत्यारं, तिचे कारागीर हाताशी होते. मानलिखरचं काडतूस .३०३सारखंच कडेचं, लांबीला थोडं कमी. तेव्हा नळी बदलून, थोडा फेरफार करून त्याच यंत्रणेवर ते चालवता येतं आणि फौजेचं काडतूस मात्र तिच्या चेंबरमध्ये बसत नाही. बीएसएने अशा रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनवल्या. स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्रकायदा आला. त्यातही .३०३ निषिद्ध बोअर राहिला आणि .३१५ची मुभा टिकली. इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ली-एनफिल्डच्याच धाटणीवर .३१५ स्पोर्टिंग रायफल काढली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद केली, तरी रायफलीचं नाव ‘स्पोर्टिंग’ ते ‘स्पोर्टिंग’च.

या मापाची एक काळी बाजूही आहे. काडतूस सहज मिळतं म्हणून बेकायदा गावठी कट्टेही याच मापात घडवले जातात. खुनाच्या खटल्यांची निकालपत्रं चाळताना मला जप्त पुंगळ्यांच्या वर्णनात तीच खूण वारंवार भेटते: बुडावर कोरलेलं ‘८ एमएम केएफ’. केएफ म्हणजे पुण्याजवळची खडकीची फॅक्टरी, १८६९ सालची.

बीएसएची जुनी .३१५ कोणाच्या घरात वडिलोपार्जित असेल आणि नळी झिजली म्हणून ती नव्याने बांधून घ्यायचा विचार असेल, तर माझं मत तिचं काडतूस आहे तेच ठेवावं असं आहे. ऑस्ट्रिया आणि हंगेरीने १९३०च्या दशकात हे माप सोडून ८×५६आर घेतलं. तेव्हापासून आपल्या सैनिकांच्या जुन्या रायफलींच्या नळ्या आखूड करून, चेंबर पुन्हा कापून ते मोकळे झाले. खडकीत मात्र ८×५०आरच्या पुंगळ्यांवर शिक्का पडतच राहिला.